महेजबीननं चावलेला बेदाणा

तासगाव रस्त्यावरच्या शीतगृहाच्या फाटकात सकाळी आठलाच दोन झेंडे येऊन उभे राहिले. भगव्याखाली ऋषिराज आणि त्याची स्वदेशीवाली पोरं. लाल झेंड्याखाली युनियनचा प्रशांत. मागच्या निवडणुकीत या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आज दोघांची घोषणा एकच निघाली, "परदेशी बेदाणा परत पाठवा!" ऐकून दोघंही दचकले. मग दुप्पट जोरानं ओरडायला लागले.

मधल्या जागेत आम्ही बेदाणा निवडणाऱ्या साठ बायका. परदेशी माल निवडूनच येतो. तो एकदा आत गेला की उद्यापासून आम्ही घरी. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

तेवढ्यात ट्रक आला. पोरं आडवी झाली.

"आवं, आपल्या आटपाडीचा माल हाय," ड्रायव्हर म्हणाला. "खोक्यावर लिवलंय, वाचा की!"

लिहिलं होतं खरं. ऋषिराजनं खोकं फोडून मूठभर बेदाणा हातावर घेतला, प्रशांतनंही घेतला. दोघं हाताकडं बघत राहिले. आपला कुठला आणि परका कुठला, दोघांनाही कळेना.

"आक्काताई, तुमी सांगा," प्रशांत म्हणाला.

"मी काय सांगू? दात कुठं हायत मला? बेदाणा चावून वळखावा लागतो. महेजबीनला इचारा."

महेजबीन माझ्या शेजारी बसून अठरा वर्षं बेदाणा निवडते. तिनं दाणा तोंडात टाकला.

"ह्यो आपला."

ऋषिराज उसळला. "गाडी सोडवाय बघतीय ही! हिचं काय ऐकायचं?"

"का रं, हिचं का न्हाई?" मी विचारलं. "तुझ्या जिभेला तरी कळतंय व्हय?"

बायका फिदीफिदी हसल्या. महेजबीन मात्र हसली नाही. ट्रकच्या मागच्या चाकावर पाय देऊन ती वर चढली आणि तळातलं खोकं ओढून म्हणाली, "वर आपला ठेवत्यात. ह्ये फोडा."

ऋषिराजनंच फोडलं. तिनं दाणा चावला, पुन्हा चावला आणि थुंकून टाकला.

"काडीचा कण न्हाई, आंबटपणा न्हाई. चामडं चावल्यागत लागतंय. ह्यो आपला न्हाई."

मग जो आरडाओरडा झाला! लाल झेंडा भगव्यावर आपटला, आणि तरी कुणी कुणाला मारलं नाही. ड्रायव्हरनं इंजीन बंद करून मालाच्या मालकाला फोन लावला.

"मालक म्हणतोय, एका खोक्यानं काय व्हतंय? समदी दाखवा."

"दाखवू की!" प्रशांत ओरडला.

महेजबीननं तोंडावरून पदर फिरवला. "आदी पाणी द्या. तोंड धुतल्याबिगर पुढचा दाणा कळायचा न्हाई."

ऋषिराज पळतच टपरीवर गेला आणि तांब्या घेऊन आला.

"घ्या चाची," तो म्हणाला, आणि पुढचं खोकं स्वतःच उचलून तिच्यापुढं धरून उभा राहिला.