कोंब न आलेला वाटाणा

ओला कापूस. बुरशी.

लाल शाईचं पेन, टोपण चावलेलं.

डावीकडे वळलेले एकोणचाळीस कोंब.

भिंतीवर रंगवलेलं: निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी.

विज्ञानाच्या बाई आकृत्या तपासायला बसल्या, ते नाकाला रुमाल लावूनच. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकापुढे भिजवलेल्या वाटाण्यांची ताटली होती. समोर दिसेल ते पाहून आकृती काढा, गुण पाच. वाटाणे इतके जुनाट, की कोंब येणं राहिलं बाजूला, ते नुसते कुजले. तरी एकोणचाळीस पोरांनी ऐटबाज कोंब काढले होते, थेट पुस्तकातले. एका दिवट्यानं तर खाली पुस्तकाचा पान क्रमांकही उतरवला होता.

एका मुलीनं मात्र काळा पडलेला, चिरलेला वाटाणा काढला होता. बुरशीच्या तंतूंसकट.

"कोंब कुठाय गं?" बाईंनी परीक्षेतच विचारलं होतं.

"आलाच नाही, बाई. वास बघा ना!"

बाईंनी तिला पाच दिले, बाकीच्यांना भोपळा. पोरगी लेखीत काठावर होती. हे पाच मिळाले तर पास, नाहीतर पुन्हा त्याच वर्गात.

गुणपत्रक पाहून मुख्याध्यापकांचा पारा चढला.

"बाई, एकोणचाळीस शून्यं? शाळेला टाळं लावू का?"

"सर, त्यांनी ताटलीत पाहिलंच नाही."

"पाहायला सांगितलं कुणी?"

"प्रश्नातच लिहिलंय."

"प्रश्न सोडा हो! नमुना उत्तर बघा. कोंब आहे, पाच. कोंब नाही, शून्य. हे शिपाईसुद्धा तपासेल."

"मग त्यालाच बसवा. वाटाणे त्यानंच भिजवलेत, आत काय आहे ते त्याला तरी ठाऊक आहे."

सरांनी गणिताच्या मास्तरांना बसवलं. चहा निवायच्या आत मास्तरांनी चाळीसही आकृत्या निकालात काढल्या. एकोणचाळीस वेळा पाच, एकदा शून्य.

"एकच गचकली, सर."

"ती मंदच आहे जरा," सर म्हणाले.

नवं गुणपत्रक बाईंपुढे सरकलं. सही त्यांचीच लागणार होती. बावीस वर्षं आपण विज्ञान शिकवलं, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. काय शिकवलं? ताटली पुढ्यात असताना डोळे मिटायला. तेवढं मात्र झकास शिकवलं, आणि स्वतःही शिकल्या. निवृत्तीला सहा वर्षं होती. त्यांनी सही केली. नेहमीसारखीच सुबक आली.

आकृती काढायला बाकीच्यांना सात मिनिटं लागली होती, त्या मुलीला पाऊण तास.