चौथ्या मजल्यावरचा लोखंडी आकडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी आकडा आहे. मासे पकडायचा नव्हे, ओझी उचलायचा. अ‍ॅमस्टरडॅममधल्या योर्दान नावाच्या जुन्या वस्तीत, एका अरुंद घराच्या माथ्यावर पुढे आलेल्या तुळईला मी लटकतो. माझ्या खाली चौथ्या मजल्याची खिडकी, तिच्या खाली गल्ली आणि गल्लीच्या टोकाला कालवा.

मला एका लोहाराने घडवले. त्याने मला लाल होईपर्यंत तापवले, ऐरणीवर वाकवले आणि पाण्यात बुडवले. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. ओझी उचलणाऱ्याशी कोणी फार बोलत नाही, हे मी त्याच दिवशी शिकलो.

आमच्याकडचे जिने शिडीसारखे उभे असतात. उतरताना पाठमोरे उतरावे लागते. पलंग, कपाट, पियानो यांतले काहीच त्या जिन्यातून जात नाही. म्हणून सामान दोराने बांधतात, माझ्यात अडकवलेल्या कप्पीवरून ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. ओझे भिंतीवर आपटू नये म्हणून आमची घरे मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधलेली आहेत. "या घराचा आकडा मजबूत आहे," असे लोक एकमेकांना सांगत. मला ते ऐकायला आवडत असे.

मग युद्ध आले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका ज्यू कुटुंबाचे सगळे सामान मी खाली उतरवले. माणसे जर्मनांनी आधीच नेली होती. शेवटी पाळणा उतरवला. गल्ली खिडक्यांतून बघत होती. दोर ओढणाऱ्यांना कोणीतरी कॉफी आणून दिली. मी त्या दिवशीही तुटलो नाही. आकड्याला नाही म्हणता येत नाही. त्यानंतर माझे कौतुक झाले की मला बरे वाटेनासे झाले.

युद्ध संपल्यावर बारेंड आणि आफ्के चौथ्या मजल्यावर राहायला आले. बारेंड गोदीत सुतार होता, याच गल्लीत वाढलेला. आफ्के फ्रीसलंडमधल्या एका खेड्यातली. तिच्या माहेरचे आरशाचे कपाट वर चढत असताना तळमजल्यावरची नेल मावशी दारात उभी राहून बघत होती. तिला सगळी गल्लीच मावशी म्हणे.

"कपाट मोठं, नवरी छोटी," मावशी म्हणाली. "बघ हं बारेंड, तुझ्याकडे शेवटी कपाटच राहील."

सगळे हसले. आफ्केसुद्धा हसली. मग जिन्यात डोकावून तिने विचारले, "रोज एवढं चढायचं?"

"सवय होईल," बारेंड म्हणाला.

सवय झाली नाही. तिचा खुबा झिजत गेला. आधी ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. पुढे पायरीवर बसून, पाय हातांनी उचलून चढायची. वर आली की खिडकी उघडून बराच वेळ नुसता श्वास घेत राहायची. तिचा तो श्वास मला ऐकू यायचा, कारण मी बरोबर तिच्या डोक्यावर होतो.

याच सुमारास आमची वस्ती पाडायची असे ठरले. शहराच्या पश्चिमेला ओस्दॉर्पमध्ये नवी घरे बांधली होती. ज्यांना हवे त्यांनी तिकडे जावे, ज्यांना राहायचे त्यांनी पाडेपर्यंत इथे राहावे, असे लोकांना सांगण्यात आले. एका रविवारी दोघे तळमजल्याचे एक घर बघून आले. संध्याकाळी आफ्के खिडकीतून खाली नेल मावशीशी बोलत होती.

"मावशी, दार उघडलं की समोर गवत. पायरी एकच. आणि आंघोळीला वेगळी खोली."

"आणि बोलायला कोण? गाय?"

"गाय मधेच बोलणं तोडत नाही."

मावशी खूप हसली. आत बारेंड बूट काढत होता. तो म्हणाला, "ओस्दॉर्पला रविवारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही."

"मी भुंकेन," आफ्के म्हणाली. "तू फक्त हो म्हण."

तो हो म्हणाला नाही. नाही असेही म्हणाला नाही. कोपऱ्यावरच्या गुत्त्यात त्याचे सगळे सोबती होते. जो जाईल त्याला ते गवतखाऊ म्हणत.

काही दिवसांनी नवी घरे वाटणारा पालिकेचा माणूस गल्लीत आला. चार जिने चढायची त्याची इच्छा नव्हती. बारेंड खाली उतरला. आफ्के खिडकीत आली आणि दोन्ही हात चौकटीवर टेकवून उभी राहिली.

"बोला," माणूस म्हणाला. "ओस्दॉर्प की इथंच?"

"ओस्दॉर्प," आफ्के वरून म्हणाली. मोठ्याने म्हणाली. कालव्याच्या पुलावरच्या बायकांनीही मान वळवली.

माणसाने वर बघितले. मग बारेंडकडे बघितले. दारात गुत्त्यातले दोघे जण उभे होते.

"इथंच," बारेंड म्हणाला.

"बाईंचं वेगळं मत दिसतंय."

"ती गावाकडची आहे. तिला गवत दिसलं की असं होतं."

माणूस हसला. "घर तुमच्या नावावर आहे. लिहायला जागा एकच आहे," तो म्हणाला आणि त्याने लिहिले. गुत्त्यातल्यांनी बारेंडच्या पाठीवर थाप मारली. खरा योर्दानचा, असे म्हणून ते त्याला घेऊन गेले. आफ्के त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खिडकीत उभी होती. मला वाटले ती रडेल. ती रडली नाही.

पुढे वस्ती पाडायचेही रद्द झाले. ओस्दॉर्पच्या त्या घरात दुसरे कोणी राहायला गेले.

एका हिवाळ्यात आफ्केने खाली उतरणे सोडले. मग तिने माझ्या कप्पीवरून एक बारीक दोर सोडला आणि त्याला बादली बांधली. पाव, अंडी, लोकर, सगळे बादलीतून वर येऊ लागले. गल्लीतल्या पोरांना हा खेळ सापडला. त्यांनी एकदा बादलीत मेलेला उंदीर ठेवला आणि वर कागद झाकला. आफ्केने बादली वर ओढली, कागद उचलला. खाली पोरे पोट धरून हसत होती. तिने उंदीर कालव्याच्या दिशेने फेकला, बादली पुसली आणि पुन्हा खाली सोडली, कारण पाव अजून यायचा होता.

नेल मावशी तिला आवाज द्यायची, "काय गं आफ्के, देवाच्या जवळ राहतेस, माझाही जरा वशिला लाव."

"देव तिसऱ्या मजल्यावर थांबतो, मावशी. पुढं त्यालाही चढवत नाही."

एकदा कोबस शेजारच्या घरात पियानो चढवत होता. कोबस म्हणजे आमच्या भागातला दोर ओढणारा माणूस. आफ्के बराच वेळ बघत होती. मग तिने विचारले, "कोबस, पियानो जसा चढतो तसा उतरतो ना?"

"उतरतो की."

"मग मला उतरव. खुर्चीला बांध. एक दिवस दारात बसते, पाणी बघते. मग वर ओढ."

कोबसने तिच्याकडे नीट पाहिले. तो थट्टा करत नव्हता. "होईल, वहिनी. दोन पट्टे आणि एक घोंगडी लागेल. तुम्ही पियानोपेक्षा हलक्या आहात."

तेवढ्यात बारेंड खिडकीशी आला. "आख्खी गल्ली तमाशा बघेल. माझी बायको काय कपाट आहे?"

"कपाट असते तर कधीच उतरले असते," आफ्के म्हणाली.

खाली कोणीतरी हसले. बारेंडचे कान लाल झाले. "उन्हाळ्यात बघू," असे म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

उन्हाळा आला. कोबस पट्टे आणि घोंगडी घेऊन खरोखरच आला. बारेंडने त्याला दारातूनच परत पाठवले. गुत्त्यात महिनाभर तोच विनोद चालला होता. आज बायको उतरते की पियानो, असे ते त्याला विचारत. पुढच्या उन्हाळ्यात कोबसला कोणी बोलावले नाही, आणि आफ्केनेही विचारले नाही. माझ्या कप्पीला गंज चढला. बादली वर येताना ती किंचाळायची. बारेंडला ती रोज ऐकू येत होती. पण तेल घालायचे म्हणजे खिडकीबाहेर वाकावे लागते, आणि त्याला ते जमले नाही.

आफ्के फेब्रुवारीत गेली. शवपेटी जिन्याच्या वळणातून जाईना. कोबसला बोलावले. तो येण्याआधी बारेंड खिडकीवर चढला, अर्धा बाहेर लोंबकळला आणि त्याने मला आणि कप्पीला तेल घातले. पुन्हा पुन्हा घातले. ते त्याच्या बाहीवरून ओघळत होते.

कोबसने दोन पट्टे बांधले आणि मध्ये घोंगडी घातली. सगळी गल्ली उभी होती. गुत्त्यातल्यांनी टोप्या काढल्या. पेटी भिंतीला लागू नये म्हणून खालचा दोर बारेंडने धरला होता.

"हळू," तो म्हणाला.

"आता कसली घाई," कोबस म्हणाला.

मी एकदाही कुरकुरलो नाही. इतके शांत ओझे मी कधीच उतरवले नव्हते. पेटी दारासमोर टेकली. नेल मावशी म्हणाली, "किती हलकी उतरली गं." दारात जिथे आफ्के पाणी बघत बसणार होती, त्याच जागी पेटी गाडी येईपर्यंत ठेवली होती.

दोन वर्षांत बारेंडचे गुडघे गेले. त्याने स्वतःच अर्ज केला. त्याला घर मिळाले, ओस्दॉर्पमध्ये, तळमजल्यावर. मी त्याचे सामान उतरवले. आरशाचे कपाट शेवटी आले.

"कुत्रं भुंकतं का रे तिकडं?" मावशीने विचारले.

बारेंड कपाटाचा दोर सोडू लागला.

"हे कपाट तिथं मावणार नाही," कोबस म्हणाला. "नव्या घरांचं छत ठेंगणं असतं."

कपाट कालव्याच्या कडेला राहिले. बारेंड गाडीतून त्याच्याकडे बघत गेला. रात्रीतून कोणीतरी आरसा काढून नेला, आणि थंडीत पोरांनी फळ्या जाळल्या.

आता मला काम नाही. सामान यंत्राच्या शिडीने चढते. मला काळा रंग दिला आहे आणि लोक माझे फोटो काढतात. परवा एक तरुण जोडपे चौथा मजला बघायला आले. तो खाली उभा राहून वर बघत म्हणाला, "हा आकडा बघ. मी तर इथंच राहणार." ती नुकतीच जिना उतरून आली होती. ती गुडघा चोळत होती.

"केवढा उभा आहे," ती म्हणाली.

"सवय होईल."

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असे मी सांगणार नाही. मला तेल मिळाले आहे, आणि ते कधी मिळाले ते तुम्ही ऐकलेत. तुम्ही मोठे व्हाल, शहरात घर शोधाल, कुठल्या गल्लीत राहायचे ते ठरवाल. तेव्हा जो रोज तो जिना चढणार आहे त्याला आधी विचारा. त्याचे उत्तर लिहायला जागा ठेवा. आणि ते आवडले नाही, तरी खिडकी लावून घेऊ नका.