डाव्या स्पीकरच्या उलट्या तारा

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. जोडीतला डावा. कोल्हारच्या शांतवन मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत तीस वर्षे उभा आहे आणि स्वभावाने जरा उतावळा आहे. उजवा शांत, त्याचे त्याला लखलाभ.

आमची सागवानी खोकी संगमनेरच्या एका सुताराने बनवली. मास्तर तेव्हा एका विलायती रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट रोज लावत. येणारेजाणारे आमचे कौतुक करत. शेवटी फीत तुटली, मोबाईल आले आणि माझ्या डोक्यावर मनीप्लँटची बाटली बसली.

यंदा पुण्याहून मुलाने, नॅथनने, तीच गाणी पाठवली. लॉसलेस. म्हणजे फाईल लहान करण्यासाठी आवाजातले काहीही गाळलेले नाही. मास्तर आमच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढून बसले. गाणे सुरू झाले आणि माझ्या जिवाची तगमग सुरू झाली.

झाले होते असे. नाताळात गीतफेरीसाठी मला एकट्याला टेम्पोतून नेले होते. परत आणल्यावर मास्तरांनी चष्म्याशिवायच माझ्या तारा जोडल्या, लाल काळीच्या जागी आणि काळी लालच्या. त्यामुळे उजवा हवा पुढे ढकलायचा तेव्हा मी मागे ओढायचो. खर्जाचे सूर मास्तरांपर्यंत पोहोचण्याआधीच विरून जायचे. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे?

मास्तरांनी आवाज वाढवला, मान कलती केली, मग बंदच केले.

"दया, माझे कान गेले," ते बायकोला म्हणाले. "नॅथन म्हनतो समदं हाय यात. मला खालचे सूर ऐकूच येत न्हाईत. रविवारी पाळकसाहेबांना सांगतो, गायकवृंद दुसऱ्याकडं द्या."

बावीस वर्षे त्यांनी चर्चचा गायकवृंद शिकवला होता. माझ्यापायी एक धडधाकट माणूस स्वतःला बहिरा समजत होता. तीन दिवस ते गाणे लावत आणि अर्ध्यावर बंद करत. मी आतल्या आत नुसता चडफडत होतो.

शनिवारी गाणे चालू असतानाच दयाबाई माझ्यामागची जळमटे काढायला आल्या. त्यांचा हात लागून माझी एक तार निसटली. मी मुका झालो, आणि खर्जातली गिटार खोलीभर घुमली.

खरे सांगतो, मला फार लागले. मी गप्प बसलो तेव्हा कुठे गाणे सुधारले.

मास्तर उभे राहिले. "काय केलंस गं?"

"काय न्हाई, तार निघाली. लावते परत."

"थांब. चष्मा आन माझा."

ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. "मीच उलट्या जोडल्या हुत्या," असे पुटपुटत त्यांनी तारा बदलल्या. मग गाणे पहिल्यापासून लावले. आम्ही दोघांनी मिळून असा जोर लावला की खिडकीची काच थरथरली. मास्तरांचे डोळे भरून आले.

"मग पाळकसाहेबांना काय सांगायचं?" दयाबाईंनी विचारले.

"सांग, उद्या सराव अर्धा तास लवकर."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि आपलेच कान गेले असे ठरवण्याआधी, चष्मा लावून एकदा आमच्या पाठीमागे वाकून बघा.