उन्हाळ्यात बंद ठेवलेला गीझर

मित्रांनो, राजनआजोबांना एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. गावच्या सोमनाथ नावाच्या मित्राने एवढंच विचारलं होतं, तिकडे रमलास का? आजोबा ते पत्र बाथरूममध्ये, माझ्याखाली उभे राहून वाचायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे.

मी दुबईजवळच्या अजमानमधल्या त्यांच्या मुलाच्या घरातला जुना गीझर आहे. माझ्या अंगात जाड अस्तर आहे, म्हणून घेतलेली ऊब मी सहज सोडत नाही. हिवाळ्यात मला टायमर लावतात. इमारत झोपली, विजेवरचा भार उतरला की मी तापतो आणि सकाळच्या आंघोळींपर्यंत पाणी गरम राखतो. तेव्हा सगळे माझं कौतुक करतात. उन्हाळ्यात मात्र माझं बटण बंद. गच्चीवरची टाकी एवढी तापते की थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. मग एसीच्या गारव्यात माझ्या पोटात निवलेलं पाणीच लोक लाल खुणेच्या नळातून घेतात.

गावाहून नुकत्याच आलेल्या आजोबांना हे कुठून ठाऊक असणार? जुलैत एकदा नात मिहिका पोहून येण्याआधी त्यांनी मायेने माझं बटण लावलं. तिने नेहमीसारखा लाल नळ सोडला आणि तिचा हात भाजला.

सून मुग्धा रागावली नाही. मलम लावता लावता तिने सगळं समजावलं. पण आजोबा मुलाला हळूच म्हणाले, "सुजीत, माझं परतीचं तिकीट काढ. माझा इथे उपयोग नाही, उलट त्रासच."

मिहिका दारातच होती. "नो, आजोबा. यू आर गीझर इन-चार्ज. मम्मा पण ऑलवेज विसरते."

"मला जमेल का गं?"

"इन्शाल्ला," ती इथल्या मोठ्या माणसांसारखी म्हणाली.

सुजीत हसला. "झालं, बाबा. तिकीट-बिकीट खलास."

तेव्हापासून आजोबा रोज माझं बटण पाहू लागले. थंडी पडली तेव्हा टायमरही त्यांनीच लावला. चष्मा चढवून पुन्हा पुन्हा तपासला. सकाळी मिहिका वाफेत गाणं म्हणत होती आणि ते दाराबाहेर ऐकत उभे होते.

मित्रांनो, बटण बंद दिसलं म्हणून मला निकामी समजू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही तसं समजू नका. आमच्या वाट्याचं काम तेवढं आम्हाला दाखवून द्या.

काल आजोबांनी माझ्याखाली उभं राहून स्वतःचं उत्तर वाचून पाहिलं, "सोमनाथ, रमलो. घरचं गरम पाणी माझ्याकडे आहे."

आज मिहिकाचा हात धरून ते पत्र टाकूनही आले.