फळ्यावर राहिलेली चुकीची ओळ

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फळा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मोडीत निघालेलो नाही. केरबा सुतारानं मला कोयनानगरच्या वसाहतीत घडवलं. तिथं जमीन हादरली की पोरं बाकाखाली शिरायची. मी भिंतीवर तसाच. पुढं टेम्पोत बसून साताऱ्याच्या या शाळेत आलो आणि वीस वर्षं बीजगणित अंगावर वागवलं. "या फळ्यावर शिकलेलं पोर समीकरणात अडत नाही," असं जुने गुरुजी म्हणायचे. खरंच होतं ते.

मग समोरच्या भिंतीवर डिजिटल बोर्ड आला. मला वर्गाच्या मागं हलवलं आणि पोरं माझ्या खिळ्यांना दप्तरं अडकवू लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात आठवीची चाचणी झाली. संयोगितानं पाचही समीकरणांची उत्तरं बरोबर लिहिली. नुसती उत्तरं, पायरी एक नाही. शेजारच्या पृथ्वीराजचीही पाच बरोबर होती. गणिताच्या चंदनबाला मॅडमना वाटलं, हिनं त्याचं बघून लिहिलं. त्यांनी तिच्या आजोबांना, निवृत्त सुभेदार आकारामना, भर वर्गात बोलावून घेतलं. कॉपी ठरली तर शून्य मिळणार होतं. पण आजोबांसमोर चोर ठरायचं, हेच तिला जास्त लागलं होतं. डोळे भरून आले होते पोरीचे.

"पायऱ्या का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"आबा म्हणतात, उत्तर तेवढं लिहायचं."

आकारामनी मान खाली घातली. ते गावातल्या पोरांची सैन्यभरतीची तयारी करून घेतात आणि संयोगिता तिथंच बसून शिकते.

"मॅडम, भरतीच्या पेपरात पायऱ्या कोण बघत न्हाई," ते म्हणाले. "उत्तरावर खूण केली की झालं. तेच हिच्या डोक्यात भरलं मी. पोरगी चोर न्हाई. चूक माझी हाय."

"मग तिला इथं सोडवून दाखवू दे," असं म्हणत मॅडम माझ्याकडं आल्या. दप्तरं काढली आणि लिहिलं:

५क्ष − ९ = २क्ष + १२

संयोगिता खडू धरून नुसतीच उभी राहिली. पायऱ्या कधी लिहिल्याच नव्हत्या, तर सुरुवात कुठून करणार?

"रायफल खोलताना काय करतो आमी?" आकाराम हळूच म्हणाले. "निघंल तो भाग चादरीवर ओळीनं मांडतो. न्हाईतर जोडताना बोंब. तसंच मांड, बाळा."

तिनं मांडलं:

५क्ष + २क्ष = १२ + ९
७क्ष = २१
क्ष = ३

मग ताळा घेतला. क्षच्या जागी ३ घातले, तर डावीकडं ६ आले आणि उजवीकडं १८. बाकांवरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. संपलं, मला वाटलं. आता शून्य नक्की.

पण पोरगी जिद्दीची. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्याच ओळीपाशी थांबली.

"हितं चुकलं. उजवीकडचे दोन क्ष काढायचे, तर दोन्हीकडून वजा करायला पायजेत. मी डावीकडं मिळवले."

आणि शेजारी नव्यानं लिहिलं:

५क्ष − २क्ष = १२ + ९
३क्ष = २१
क्ष = ७

ताळा घेतला. दोन्हीकडं २६.

मॅडमनी दोन्ही मांडण्या एकदा पडताळून पाहिल्या. मग म्हणाल्या, "बघून लिहिणाऱ्याला स्वतःची चूक सापडत नाही. संयोगिता, माझंच चुकलं. पेपर परत लिही, पायऱ्यांसकट." आकारामनी रुमालानं डोळे टिपले. संयोगिता चुकीची ओळ पुसायला निघाली, तर मॅडमनीच तिचा हात धरला. ती ओळ आठवडाभर माझ्यावर होती.

मित्रांनो, समोरची भिंत परत द्या, असा माझा हट्ट नाही. अधूनमधून ओलं फडकं फिरवा आणि दप्तरं दुसरीकडं टांगा, एवढं पुरे. पण झाकल्या मुठीचं गणित मला पटत नाही. पाच बरोबर उत्तरं असूनही ती पोरगी चोर ठरत होती. तिला सोडवलं ते एका चुकीच्या ओळीनं, कारण ती लिहिलेली होती.