कुंकू लावलेला एक्सल

प्रकाशा गावच्या हिंमतराव पाटलांचा आडमुठेपणा तापीच्या दोन्ही काठांना ठाऊक होता. तो लौकिक त्यांनी कष्टाने कमावला होता. घरात बायकोपुढे, जसोदाबाईंपुढे, त्यांचं काही चालत नसे हे खरं, पण ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपत.

आता तोच लौकिक मुळावर आला. मुलासाठी त्यांनी शहाद्याच्या शांतीलालची पोरगी मागितली होती. पसंती झाली होती, पण शांतीलालने निरोप धाडला, "हिंमतभाऊ कोनंच आयकत नहीत. त्यासना घरमा मन्ही पोर कशी नांदी? आखाजीले या, मंग पाहूत." हिंमतरावांना अन्न गोड लागेना. मुलगा तर ताटावरून उठून गेला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जीपनेच येईन, असं ते भर बाजारात बोलून बसले होते. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली ही आखूड जीप. विहिरीचे दगड वाहून वाहून तिचा मागचा एक्सल मोडला होता. म्हणून त्यांनी एका मोडक्या लॉरीचा दणकट एक्सल आणला. तो अंगणात उतरला तसं जसोदाबाईंनी, घरात आलेल्या कुठल्याही वस्तूला लावतात तसं, त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला.

बसवायला आला पितांबर लोहार. त्याचा जन्म बैलगाड्यांत गेलेला. जुन्यासारखा बसावा म्हणून त्याने एक्सल पालथा करायला हात घातला, तर जसोदाबाई आडव्या आल्या.

"कुकू लायेल बाजू जमीनकडे? मन्हा घरमा ते व्हवाव नही."

"ऱ्हाऊ द्या माय," पितांबर म्हणाला. "आसले खाल-वर काय ऱ्हास?"

बैलगाडीच्या आसाला नसतंच. जीपच्या एक्सलला असतं, हे आखाजीच्या सकाळी कळलं. हिंमतरावांनी पहिला गिअर टाकला आणि जीप मागे जाऊन उकिरड्यात बसली. दुसरा टाकला, तर आणखी आत. दातेरी चक्रं उलटी बसल्यामुळे पुढचे तिन्ही गिअर मागे नेत होते. मागचा एकटा पुढे नेई, पण इतका रडतखडत की वेशीपर्यंत जाईतो इंजिनात पाणी उकळलं.

"एक्सल उलथाडा," हिंमतराव म्हणाले.

"त्यावर कुकू शे," जसोदाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

बैल जुंपावेत, तर बाजारात हसं झालं असतं. शेवटी हिंमतरावांनी जीपची पाठ शहाद्याकडे केली आणि चार कोस मान मागे वळवून गाडी हाकली. जसोदाबाई मागच्या बाकावर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. "डावीकडे खड्डा शे," त्या म्हणत आणि हिंमतराव मुकाट्याने उजवीकडे घेत. वाटेतले गाडीवान बैल थांबवून बघत राहिले.

शांतीलालच्या दारात पाहुणे जमले होते. त्यांच्यासमोर जीप पाठमोरी येऊन थांबली. शांतीलालचा चेहरा उतरला.

"हाई काय, हिंमतभाऊ? आमले पाठ दाखाडी ऱ्हायनात?"

एखादी थाप मारता आली असती. पण मान आखडली होती, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि हिंमतराव फुटले.

"हिले इचारा. मी म्हनू एक्सल उलथाडा, हाई म्हने त्याले कुकू लायेल शे. मी काय करू? घरमा मन्हं काही चालस का?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. इतक्या वर्षांची अब्रू चारचौघांत गेली होती, आणि सोयरीकही गेली असं त्यांना वाटलं.

शांतीलालने त्यांच्याकडे पाहिलं, मग पदराची धूळ झटकणाऱ्या जसोदाबाईंकडे पाहिलं.

"जो मानूस बायकोना सबदखातर चार कोस उलटा येस," तो म्हणाला, "त्याना घर मन्ही पोर सुखमा ऱ्हाई. सुपारी आना."

हिंमतरावांना होकाराची मान हलवायची होती, पण ती हलेना. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. मान दुखते म्हणून आलं असं त्यांनी सांगितलं, आणि कोणी त्यांना खोटं पाडलं नाही.