ओळ उचलणारी

धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय उधवा गावात लग्न लागत नसे. सुकी तलासरीपासून डहाणूपर्यंत नावाजलेली धवलेरी. तिनं ओळ उचलायची आणि जोडीला बसलेल्या धाकट्या बहिणीनं, तुळशीनं, ती पुरी करायची.

सुकीचं मन मधूनमधून बिघडायचं. कधी भिंतीकडे तोंड करून महिनाभर गप्प, कधी झोप सोडून रानभर गात फिरणं. लोक म्हणत, देवी आहे तिच्या अंगात. ते ऐकून तुळशीचा जळफळाट व्हायचा. ती कधी आजारी पडली नव्हती, एक ओळ चुकली नव्हती. हाच जणू तिचा गुन्हा.

त्रेसष्ट साली डहाणूच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. सुकी जेवू लागली, झोपू लागली. पण तोंड कोरडं पडे, आवाज जड होई. गोळ्या तुळशीच्या ताब्यात होत्या.

हिरूच्या मुलीचं लग्न होतं त्या सकाळी सुकी म्हणाली, "आजची राहू दे गो. गाऊन झाल्यावर घेते."

"डॉक्टर म्हणाला, एकही चुकवायची नाही."

"त्याला काय! त्याला कुठं लग्न लावायचंय?"

तुळशी हसली नाही. गोळी देणं बरोबरच होतं. पण देताना तिच्या मनात सुकीची तब्येत नव्हती, सुकीची जागा होती.

भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहिला होता. त्याच्यापुढे बसून सुकीनं थोड्या ओळी उचलल्या, आणि जीभ टाळूला चिकटली. पाणी दिलं तरी आवाज फुटेना.

"तुळशे, तू उचल," हिरू घाबरून म्हणाली. "इतकी वर्षं काय नुसती सोबतीला बसलीस?"

तुळशीनं तोंड उघडलं. ओळीचा शेवट ओठांवर तयार होता, सुरुवात येईना. जन्मभर तिनं सुकीचा शब्द ऐकून पुढचा काढला होता. पहिला शब्द लक्षात ठेवायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"शेपूट आहे गो, बैलच नाही!" जानी म्हातारी खिदळली.

सुकी सरकून जवळ आली आणि तिनं तुळशीच्या कानात ओळ पुटपुटली. तुळशीनं ती उचलली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. आवाज खणखणीत लागला. जानीसुद्धा डोलू लागली. पण बायांची नजर मध्येच सुकीच्या ओठांवर जात होती, ते तुळशीला सहन होईना. तिनं सूर इतका चढवला की ते पुटपुटणं कुणाला ऐकूच जाऊ नये.

मग तिलाही ते ऐकू येईना. ओळ संपली. पुढची नव्हती.

"हळू गा," सुकी म्हणाली. "मला याहून मोठ्यानं बोलता येत नाही."

तुळशीनं सूर उतरवला आणि कान तिच्या तोंडापाशी नेला.